पत्र्याला गप्प करणारा थर

जुनी प्रीमियर पद्मिनी पुरती उघडली, म्हणजे सीट, मॅट, दरवाज्यांची पॅनल, छताचं कापड सगळं उतरवलं, की तळाच्या पत्र्यावर अनेकदा एक काळा, कडक, जागोजागी तडकलेला थर सापडतो. गॅरेजमधली मंडळी त्याला सरळ डांबर म्हणतात. आज पिंपरी, भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या बाजूला अशी गाडी नव्याने उभी करायची ठरवली, तर त्या डांबराच्या जागी गनने फवारायचे थर मिळतात. त्यांतला एक आवाजासाठी, दुसरा उष्णतेसाठी. या थरांची कुळकथा ही मोटारीच्या पत्र्याचीच कथा आहे. ती ठाऊक असली, तर गनचा घोडा कुठे दाबायचा आणि कुठे हात आवरायचा, हे उमगतं.

मोटारीचं अंग सुरुवातीला पत्र्याचं नव्हतंच. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनी पहिल्या मोटारींच्या बॉडी बांधल्या. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर फळ्या किंवा पातळ पत्रा. लाकूड कंपनं पोटात घालतं, पण सांधे सैल झाले की करकरतं. पॅरिसमध्ये चार्ल्स वेमन याने १९२० च्या दशकात त्यावर तोड काढली. लाकडाचे तुकडे एकमेकांना टेकू द्यायचेच नाहीत, सांध्यांत धातूच्या पट्ट्या घालायच्या आणि वरून कापड ताणायचं. वेमनच्या बॉडी हलक्या आणि शांत होत्या, पण असं हातकाम करून रोज शेकडो गाड्या निघत नाहीत. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने त्याआधीच डॉज बंधूंसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली होती. साल १९१४. प्रेसमध्ये दाबलेले, वेल्डिंगने जोडलेले, रंग भट्टीत भाजता येतील असे पत्रे. मजबूत आणि झपाट्याने होणारी ही पद्धत जगभर रुजली आणि तिच्यामागून नवं दुखणं आलं. गाडी वाजू लागली.

त्यावरचे पहिले उपाय हाताशी होते ते. नमदा, ज्यूट, डांबरात भिजवलेला फेल्ट. डांबर स्वस्त, जड आणि चिकट. काशाच्या थाळीवर टिचकी मारली की ती घुमत राहते, आणि बोट टेकवलं की नाद तिथेच मरतो. डांबर पत्र्यावर हेच काम करतं. पत्रा वाकतो-सरळ होतो, तसा त्याला चिकटलेला थर ताणला-दाबला जातो, आणि कंपनाची ऊर्जा त्या थरात किंचित उष्णता होऊन जिरते. बाहेरचा आवाज अडवण्यापेक्षा पत्र्याचा स्वतःचा आवाज मारणं, हे या थराचं मूळ काम.

हे दुखणं आपल्याकडेही मोटारीबरोबरच आलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. १९५० च्या दशकात फियाट ११०० आली, आणि तिचीच पुढची पिढी १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. फियाटची ही घडण जुन्या अमेरिकी गाड्यांपेक्षा वेगळी होती. तिला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. चॅसीच्या गाडीत बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये रबर असतं. इथे इंजिन, सस्पेन्शन आणि रस्ता यांचे सगळे धक्के थेट पत्र्यात उतरतात. म्हणून पद्मिनीसारखी गाडी नव्याने बांधताना पत्र्याची निगा हा शेवटचा सोपस्कार मानून चालत नाही.

ज्या गनने आज हा थर मारतात तिचं मूळ दवाखान्यात आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो शहरी डॉ. ॲलन डेव्हिलबिस नाक-घशाचे रोगी तपासत. घशात औषध नीट पोचावं म्हणून १८८० च्या दशकात त्यांनी रबरी फुगा दाबून औषधाचं धुकं करणारा फवारा बनवला. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन काढली. डेव्हिलबिस हे नाव स्प्रे गनवर आजही असतं. दाट थरासाठी मात्र रंगाची बारीक तोंडाची गन चालत नाही, ती लगेच तुंबते. त्यासाठी मोठ्या तोंडाची, खाली बाटली लावायची अंडरबॉडी गन लागते, आणि हवेला खळ पडू न देणारा कॉम्प्रेसर.

थर किती द्यायचा हे फार काळ अंदाजावरच चाललं. त्याला गणित दिलं जर्मनीच्या हर्मान ओबर्स्ट यांनी. ‘अकुस्टिका’ या शोधपत्रिकेत १९५२ मध्ये त्यांनी पातळ पत्र्यावर घट्ट चिकटलेल्या थराने कंपनं कशी मरतात, हे मांडलं. पोलादाच्या अरुंद पट्टीवर थर द्यायचा, पट्टीचं एक टोक पकडून दुसरं थरथरवायचं आणि थरथर किती लवकर विरते ते मोजायचं. ही ‘ओबर्स्ट पट्टी’ आजही प्रयोगशाळांत चालते. तिने दोन गोष्टी शिकवल्या. एक, ठरावीक मर्यादेत थराची जाडी दुप्पट केली तर परिणाम जवळजवळ चौपट होतो. म्हणून सगळीकडे पातळ हात फिरवण्यापेक्षा जिथे पत्रा जास्त थरथरतो तिथे पुरेसा जाड थर देणं शहाणपणाचं. दोन, प्रत्येक पदार्थाचं काम करण्याचं तापमान ठरलेलं असतं. डांबर थंडीत कडक होऊन तडकतं आणि उन्हात मऊ पडतं. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या उन्हात उभ्या गाडीच्या छपराला आतून चिकटवलेले डांबराचे तुकडे सैल पडतात, ते यामुळेच. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केरविन यांनी चिकट थरावर धातूचा पातळ पापुद्रा बसवला तर कमी जाडीतही कंपनं जास्त मरतात, याची मीमांसा केली. कार ऑडिओच्या दुकानांत मिळणारी, वरून चंदेरी आणि खालून काळी चिकट शीट ही त्याच विचाराची वंशज.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला हा विषय परका नाही, कारण हा डिझेलचा पट्टा आहे. आकुर्डीत बजाज टेम्पोची मॅटाडोर बनत होती. तिचं इंजिन केबिनमध्येच, चालकाच्या शेजारच्या उंचवट्याखाली. त्या झाकणाची धग आणि धडधड तिच्या चालकांनी वर्षानुवर्षं मांडीशी सोसली. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यातून १९९४ मध्ये सुमो आली आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका. मधल्या काळात, १९९५ मध्ये, त्याच आवारात मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ जोडली जाऊ लागली. एकाच गावात कष्टाची गाडी आणि आरामाची गाडी, दोन्ही बनत होत्या. मर्सिडीज पुढे २००९ मध्ये चाकणला गेली आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही तिथे सुरू झाला. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून उभी असलेली एआरएआय ही संस्था गाड्यांचा आवाज, थरथर आणि हादरे मोजते, आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे.

मोठ्या कारखान्यांतल्या पेंटशॉपमध्ये डांबराचे साच्यात कापलेले तुकडे तळावर ठेवत. रंगाच्या भट्टीतून बॉडी जाताना ते वितळून पत्र्याला चिकटत. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे तुकडे, त्यांचा साठा आणि ते ठेवायला माणसं, असा तो पसारा. गेल्या काही दशकांत अनेक कारखान्यांत त्यांची जागा पाण्यावर आधारित ॲक्रिलिक थराने घेतली. रोबोट ठरवलेल्या रेषांवर तो फवारतो आणि त्याच भट्टीत तो पक्का होतो. गॅरेजमध्ये मिळणारे फवारायचे थर याच घराण्यातले, फक्त भट्टीशिवाय वाळतील असे.

उष्णतेचा थर मात्र वेगळ्या कुळातला. त्यात पोकळ, अतिसूक्ष्म गोळ्या मिसळलेल्या असतात. काही काचेच्या, काही सिरॅमिकच्या. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांत, आपल्याकडे कोराडी, चंद्रपूर, भुसावळ इथे, उडती राख निघते. अशा राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाचे पोकळ कण असतात, ते पाण्यावर तरंगतात आणि वेचून काढता येतात. पोटातली कोंडलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही, एवढंच त्यांचं बळ. पण हिशेब विसरू नये. अशा थराची उष्णतावाहकता ०.१ आणि नमद्याची ०.०४ वॉट प्रति मीटर प्रति अंश धरली, तर १० मिलिमीटर नमदा हा १ मिलिमीटर थराच्या २५ पट अडथळा करतो. तेव्हा सायलेन्सरच्या पाइपाजवळ धातूची ढाल आणि मधे हवेची फट हवीच, आणि इंजिनमागच्या पत्र्यावर नमदा किंवा फोम. फवारलेला थर त्यांच्या जोडीला. कोनाकोपऱ्यांत, जिथे शीट बसत नाही, तिथे त्याची खरी किंमत कळते.

प्रत्यक्ष कामात सगळं मारण्याआधीच्या तयारीवर आहे. जुन्या थरात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही. त्यावर कोरडा बर्फ ठेवला तर थंडीने डांबर ठिसूळ होतं आणि हलक्या ठोक्याने खपल्या सुटतात. मग गंज काढायचा, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, एपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि तो पुरता वाळू द्यायचा. पाणी निघायची भोकं, बोल्टचे आटे आणि चॅसी नंबर मास्किंग टेपने झाकायचे. भोकं बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात दरवाजाच्या पोटात पाणी साचतं आणि गंज आतून सुरू होतो. थर एकदम जाड मारला तर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. म्हणून पातळ हात, मधे वाळायला वेळ, आणि दातेरी मापपट्टीने ओल्या थराची जाडी तपासणं. पाण्यावर आधारित थर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फार रेंगाळतो, तेव्हा हे काम उन्हाळ्याआधी उरकलेलं बरं. शेवटी बोटाच्या सांध्याने पत्रा ठोकून पाहायचा. आधी ठण्ण वाजणारा पत्रा ठप्प वाजला, म्हणजे थर पोचला.

गाडीखाली मारायचं अंडरकोटिंग आणि हा आतला थर यांची गल्लत होते, तीही टाळायला हवी. खालचं कोटिंग खडी, पाणी आणि गंज यांच्यासाठी. त्याने आवाज थोडा कमी होतो, पण ते त्याचं मुख्य काम नाही. गंजलेल्या पत्र्यावर ते तसंच मारलं, तर गंज झाकला जातो आणि आत सुखाने वाढतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. १९७४ च्या पद्मिनीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्येच उतरल्या. म्हणजे उरलेल्या गाड्या आता जपण्याच्या, आणि जपणाऱ्याची जबाबदारी मोठी. फवारलेला थर उतरवणं महाकठीण. म्हणून माझा आग्रह एवढाच की काम सुरू करण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो काढावेत, कुठे कोणता थर किती मिलिमीटर आणि कोणत्या तारखेला मारला ते लिहून गाडीच्या कागदांत ठेवावं. मोठ्या कारखान्यांत प्रत्येक थराची नोंद ठेवण्याची शिस्त असते. ती शिस्त त्यांच्या शेजारच्या दोन शटरच्या गॅरेजलाही परवडणारी आहे. त्यासाठी वही आणि पेन पुरे.