विनोबा भावे यांचा पवनार येथील विश्रांतिकाळ

विनोबा भावे यांचा पवनार येथील विश्रांतिकाळ म्हणजे आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) यांनी प्रकृती खालावल्यामुळे इ.स. १९३८ मध्ये वर्धा जिल्ह्यातील पवनार या गावी केलेल्या वास्तव्याचा काळ होय. चिंतेचा त्याग, मोजके शरीरश्रम आणि नियमित दिनक्रम यांच्या आधारे त्यांनी येथे प्रकृती सुधारली. पुढे हेच स्थान परंधाम आश्रम म्हणून प्रसिद्ध झाले.

पार्श्वभूमी

महात्मा गांधींच्या सूचनेवरून विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले आणि तेथील आश्रमाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्यानजीकच्या नालवाडी येथे राहू लागले. सूत कातणाऱ्या मजुराला आपल्या कमाईवर जगता येते का, हे पडताळण्यासाठी ते दररोज आठ-आठ तास सूत कातीत आणि त्या तुटपुंज्या मजुरीत निर्वाह करण्याचा प्रयोग करीत. अध्यापन, आश्रमाची व्यवस्था आणि ग्रामसेवा ही कामेही सुरूच होती. या अखंड श्रमांचा शरीरावर परिणाम होऊन १९३८ च्या सुरुवातीस त्यांचे वजन ८८ पौंडांपर्यंत (सुमारे ४० किलो) उतरले. त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षांचे होते.

पवनारची निवड

गांधीजी त्या काळात जवळच्या शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे राहत होते. विनोबांच्या प्रकृतीची वार्ता कळताच त्यांनी स्वतः शुश्रूषा करण्याची तयारी दर्शविली. गांधीजींच्या अनेक कामांत आपली भर नको, असे म्हणून विनोबांनी ती नाकारली. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची सूचनाही झाली. त्याऐवजी विनोबांनी वर्ध्यापासून काही किलोमीटरवर असलेले पवनार निवडले. तेथे धाम नदीकाठच्या टेकडीवर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. आश्रमाची कोणतीही चिंता सोबत न्यायची नाही, अशी गांधीजींची अट होती. मार्च १९३८ मध्ये धाम नदीचा पूल ओलांडताना विनोबांनी 'सर्व टाकून दिले' या अर्थाचे संन्यासवचन तीनदा उच्चारले.

दिनक्रम

या काळात विनोबांनी संस्थांच्या कारभाराचा विचार कटाक्षाने दूर ठेवला. फिरणे, मोकळी हवा आणि विश्रांती यांबरोबर त्यांनी शेतात खणण्याचे काम सुरू केले. आरंभी ते काही मिनिटेच खणत. शक्ती वाढेल त्या प्रमाणात त्यांनी ही वेळ हळूहळू वाढवली. येथील जमीन खणताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. ते आजही आश्रमात आहे.

परिणाम

सुमारे १० महिन्यांत विनोबांचे वजन १२८ पौंडांपर्यंत (सुमारे ५८ किलो) वाढले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, त्यांनी पवनार येथूनच पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून सत्याग्रह केला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान चळवळीत ते अनेक वर्षे पायी हिंडले.

महत्त्व

विश्रांती म्हणजे केवळ काम थांबविणे, असा सर्वसाधारण समज असतो. पवनारच्या काळात विनोबांनी शरीरश्रम पूर्णपणे सोडले नाहीत. त्यांनी सोडला तो मनावरील भार, आणि श्रमाला शक्तीचे माप लावले. नालवाडी येथे कामाचे तास शरीराच्या क्षमतेपेक्षा अधिक होते. पवनार येथे क्षमता पाहून काम ठरविले गेले. त्यासाठी दूरच्या आरोग्यस्थळाची किंवा मोठ्या खर्चाची गरज पडली नाही. सेवाकार्यात गुंतलेल्या व्यक्तीने स्वतःच्या शरीराची काळजी घेणे हाही कर्तव्याचाच भाग ठरतो, हे या प्रसंगातून दिसते.

नंतरचा काळ

धाम नदीच्या पलीकडचे म्हणून या स्थानाला 'परंधाम' हे नाव मिळाले. २५ मार्च १९५९ रोजी येथे स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी येथेच देह ठेवला.