क्षयासाठी शोधले, कुष्ठासाठी लाभले

कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक असतात. त्या रोगावरील औषध घडविणाऱ्यांचे स्मरण क्वचितच होते. म्हणून व्हिन्सेंट बॅरी (१९०८–१९७५) या रसायनशास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

आयर्लंडमधील कॉर्क येथे जन्मलेल्या बॅरी यांनी प्रथम गॉलवे येथे समुद्रशैवालातील शर्करांवर संशोधन केले. पुढे देशात क्षयाने थैमान घातले असता डब्लिनमध्ये त्यांनी त्या रोगाकडे लक्ष वळविले. दगडफुलाच्या वर्गात सापडणाऱ्या एका द्रव्याचा धागा धरून त्यांनी व सहकाऱ्यांनी अनेक संयुगे तयार केली. त्यांतील बी-६६३, म्हणजेच क्लोफाझिमिन, उंदरांच्या क्षयावर गुणकारी ठरले. १९५७ साली 'नेचर' नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. माणसांच्या क्षयावर मात्र त्या काळी अपेक्षा फळली नाही.

परंतु क्षय व कुष्ठ यांचे जंतू एकाच कुळातले. १९६२ साली ब्राऊन व होगरझाइल यांनी नायजेरियातील कुष्ठरोग्यांना आलेला गुण जगापुढे मांडला. या औषधाने त्वचा तांबूस-काळी पडे, हा त्याचा दोष. तथापि जंतू डॅप्सोनला जुमानीनासे झाले, तेव्हा त्याचे मोल कळले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. १९८३ पासून भारतानेही हा मार्ग धरला. बॅरी तोवर निवर्तले होते.

आज हेच औषध प्रतिकारक्षम क्षयावरही दिले जाते. हाती आलेले ज्ञान त्यांनी प्रसिद्ध केले आणि इतरांनी ते पुढे नेले. त्यांच्या विद्वत्तेचा खरा वारसा आम्हांस तोच वाटतो.