40 आणि 100 : इन्सुलिनच्या चिठ्ठीचा इतिहास

आज आपण एका मापाचा इतिहास पाहू. आम्ही तत्त्वज्ञानाचे, डॉक्टर नव्हे. डोस ठरवणं आमचं काम नाही. पण ‘20’ म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न आमच्याही प्रांतातला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूरच्या दवाखान्यात कोणी ‘इन्सुलिन 20’ एवढंच लिहिलं, तर ती चिठ्ठी अपुरी का, हे इतिहासातून कळतं.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीपासून दिला आणि मुलाची साखर उतरली. पण हा अर्क जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेला. एका खेपेचा जोर दुसऱ्या खेपेला नसे. म्हणून उपाशी सशाची साखर किती उतरते, यावरून ‘युनिट’ ठरलं. म्हणजे युनिट हे मुळात वजन नव्हे, औषधाच्या कामाचं माप.

मग 1 मिलीलिटरमध्ये युनिट किती भरायचे? 20, 40, 80 अशा बाटल्या निघाल्या आणि त्यांच्यासोबत चुकाही. शेवटी अमेरिकेनं 1970 च्या दशकात 100 चं माप आणलं, ब्रिटननं 1983 मध्ये. आपल्याकडे पेनमध्ये 100 आलं, बाटलीत मात्र बहुतेक 40 च राहिलं. दोन्ही मापं एकाच औषधाच्या दुकानात नांदतात, आणि घात होतो तो इथंच.

हिशेब करून पाहा. 40 चं औषध 100 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात फक्त 8 युनिट. उलट, 100 चं औषध 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात 50. पहिल्या चुकीत साखर चढत राहते. दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो.

म्हणून चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव हवं, 40 की 100 ते हवं, आणि त्याच मापाची सिरिंज हवी : 40 ला लाल टोपण, 100 ला नारिंगी. ‘युनिट’ हा शब्दही पुरा लिहावा. इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. पेन दिला तर त्याच्या सुया, आणि साखर तपासायच्या पट्ट्या यंत्राच्या नावासह लिहाव्यात.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट सांगावी लागते, ती उन्हाची. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 च्या घरात जातो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. उघडलेली साधारण 4 आठवडे, तीही 25-30 अंशांच्या आत. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, सावलीत, बाटली कोरडी राहील अशी ठेवावी. बर्फात मात्र नको. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

घरी गेलात की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचं टोपण ताडून पाहा. जुळत नसेल, तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.