दक्षिणा, गेडिस आणि मोऱ्याची घरं

आमच्या भाचीला पीएच.डी. करायची आहे. ती आर्किटेक्ट आहे आणि विषय घेतलाय मोरा आणि उरणच्या आसपासच्या कोळीवाड्यांतली घरं. घरात पहिला प्रश्न तिच्या आजोबांनी विचारला, "घरं समोरच आहेत की! ती मोजायला पैसे कोण देणार?"

प्रश्न चुकीचा नाही. कागदपत्रांवरचा प्रबंध ग्रंथालयात बसून होतो. घरावरचा नाही. टेप घेऊन ओटीपासून माडीपर्यंत मोजायचं, नकाशे काढायचे, चारही ऋतूंत यायचं. ओहोटीला गाळामुळे मोऱ्याची लाँच बंद झाली की भाऊच्या धक्क्यावर ताटकळायचं, हेही त्यातच आलं.

पण न मोजण्याचाही खर्च असतो. जेएनपीटी बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यासाठी जुन्या शेव्याचा कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवला, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. माणसं अजून भांडताहेत. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस त्याच्या कितीतरी आधी सांगून गेला होता, की आधी पाहणी, मग आराखडा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता घुसवणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या इंजिनिअरांशी तो भांडायचा आणि स्वतः गल्लीबोळ पायी तुडवायचा.

हा गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या व्याख्यानांना मालवणचा एक संस्कृतचा तरुण जाऊन बसे, गोविंद सदाशिव घुर्ये. सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, घुर्येंची फारशी कुणी सांगत नाही. गेडिसने त्यांच्याकडून मुंबई शहरावर निबंध लिहून घेतला, शिफारस केली, आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये १९२० साली इंग्लंडला गेले.

गंमत पुढे आहे. शहराच्या निबंधावर पैसे मिळाले, पण केंब्रिजला प्रबंध झाला जातीवर! १९२४ मध्ये ते मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. शहरांवरचं पुस्तक १९६२ साली आलं आणि राजपूत वास्तुकलेवरचं १९६८ साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास. पैसे देणाऱ्याने हिशेब मागायचा म्हटला असता तर पन्नास वर्षं थांबावं लागलं असतं. मला हे आवडतं.

घुर्येंच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. त्यांना मिळाली 'दक्षिणा फेलोशिप'. ही दक्षिणा म्हणजे तीच, तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात श्रावणात ब्राह्मणांना वाटलेली. १८१८ नंतर इंग्रजांनी ती कमी करत आणली. तिच्यातून १८२१ साली पुण्याची पाठशाळा निघाली, नंतर मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळाली आणि शेवटी कॉलेजातल्या फेलोशिपा. वैदिकांसाठी काढलेला पैसा शंभर वर्षांनी एका बाईच्या एम.ए.च्या प्रबंधाला लागला. तो प्रबंध चित्पावनांवर होता, हा आणखी एक योगायोग! बर्लिनच्या पीएच.डी.ला मात्र जीवराज मेहतांकडून कर्ज काढावं लागलं. महर्षी कर्वे, म्हणजे सासरे, त्यांचा तर जायलाच विरोध होता. असो. याच इरावतीबाईंनी पुढे सहकाऱ्याबरोबर एका वाढत्या गावाची आणि त्याच्या परिसराची पाहणी केली, ते पुस्तक १९६५ सालचं. गाव होतं फलटण. गेडिसला आवडलं असतं.

आता आजचं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी.ला फेलोशिप देतात. समाजघटक पाहून देतात, विषय पाहून नाही. भाचीने तिथे अर्ज करावा असं मी सांगितलंय, आणि करणार आहे ती. नुसत्या वास्तुविषयक प्रबंधांसाठीची म्हणून एक प्रसिद्ध फेलोशिप शिकागोचं ग्रॅहम फाउंडेशन १९९६ पासून देतं, कार्टर मॅनी या आर्किटेक्टच्या नावाने. विषय जगातल्या कुठल्याही गावाचा चालतो. म्हणजे मोऱ्याच्या घरांनाही ते पैसे मिळू शकतात. मात्र ती मोजणाऱ्याचं नाव अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या विद्यापीठात नोंदवलेलं हवं.