मस्तकावरील भार

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा हमरस्ता साक्रीवरून जातो. पहाटे त्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशाला हल्लीं एक दृश्य दिसतें. वीस-बावीस वर्षांचीं मुलें धांवत असतात, आणि धांवणें संपलें म्हणजे लोखंडी गोळा मानेशीं धरून तो दूर ढकलण्याचा सराव करीत असतात. ही पोलीसभरतीची तयारी होय. महाराष्ट्राच्या शिपाईभरतींत पुरुष उमेदवाराला ७.२६० किलो वजनाचा गोळा फेकावा लागतो. स्त्री उमेदवाराला ४ किलोचा. ज्या घरची सारी मिळकत म्हणजे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, त्या घरच्या मुलाचें भवितव्य कित्येकदां या एका खांद्यावर तोललेलें असतें. तोच खांदा भरतीच्या आधीं दुखावला, तर वर्षाची मेहनत फुकट जाते.

हा खांदा दुखावतो कशानें? पुष्कळदां गोळ्यानें नव्हे; गोळ्यासाठीं बळ यावें म्हणून व्यायामशाळेंत जें वजन डोक्यावर उचललें जातें, त्यानें. मस्तकावर भार उचलण्याची ही विद्या जुनी आहे. तिच्या इतिहासांत तिचे धोके जसे दिसतात, तसे त्यांवरील उपायही दिसतात. त्या इतिहासाचें ओझरतें दर्शन घडवावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आपल्या जुन्या तालमींत डोकावून पाहिलें तर कोपऱ्यांत जोडी, करेल आणि मुद्गल उभे दिसत. हीं साधनें वर ढकलावयाचीं नव्हत. तीं पाठीमागून पुढें, पुढून पाठीमागें अशीं खांद्याभोंवतीं फिरवावयाचीं असत. शक्तीची परीक्षा निराळी असे. दगडी गोटी उचलणें ही त्यांतलीच एक. जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवांत खंडोबाचा सुमारें ४२ किलो वजनाचा खंडा हातानें तोलून धरण्याची चढाओढ लागते, तीही याच जातीची. पण परीक्षा वर्षांतून एकदां. फिरविणें मात्र रोजचें. या रोजच्या फिरविण्यानें खांदा मोकळा राही आणि सांध्याभोंवतालचे लहान स्नायू न कळत बळकट होत.

हें मर्म परक्यांच्याही नजरेंत भरलें. कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यांनीं ही जोडी इंग्लंडांत नेली. डोनाल्ड वॉकर या ग्रंथकारानें १८३४ सालच्या आपल्या व्यायामविषयक पुस्तकांत तिला स्थान दिलें. अमेरिकेंत सिम केहो यानें १८६६ सालीं तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. पुढें १९०४ व १९३२ या दोन ऑलिंपिक सामन्यांत हिंदी जोडी फिरविण्याची स्पर्धासुद्धां झाली. घरच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेली वस्तु जगाच्या रंगभूमीवर मिरवून आली, असाच हा प्रकार!

खांद्याची रचना पाहिली म्हणजे जुन्या वस्तादांची योजना किती शहाणपणाची होती तें ध्यानांत येतें. खुब्याचा सांधा खोल वाटींत बसविलेला आहे. खांद्याचा सांधा मात्र उथळ बशींत ठेवलेल्या चेंडूसारखा आहे. म्हणूनच हात चोहोंकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सर्वांत लवकर निखळतो. स्वातंत्र्य आणि अस्थैर्य हीं येथें एकाच घरीं नांदतात. या चेंडूला जागेवर धरून ठेवण्याचें काम चार लहान स्नायू करतात. शिवाय हात पूर्ण वर जातो तेव्हां केवळ हाताचें हाड वर जात नाहीं. पाठीवरचें फऱ्याचें हाडही फिरतें. एकंदर १८० अंशांच्या उचलींत सुमारें १२० अंश सांध्याचे व ६० अंश फऱ्याचे, असें प्रमाण शरीरशास्त्रज्ञांनीं १९४४ सालीं मांडलें. फरा नीट फिरला नाहीं, अगर पाठीला बांक असला, तर वरची हाडाची कमान आणि खालचा चेंडू यांच्या चिमट्यांत स्नायूंच्या दोऱ्या सांपडतात. दुखण्याचा उगम बहुधा येथेंच होतो.

जुन्या तालमींत शिक्षक आणि वैद्य पुष्कळदां एकच असे. बडोद्याचे राजरत्न माणिकराव हें याचें ठळक उदाहरण. जुम्मादादांचे हे शिष्य व्यायामविद्येचे जसे आचार्य, तसेच अस्थिसंधानांतही निष्णात म्हणून ख्यातनाम होते. ज्याला मोडलेला सांधा बसवितां येतो, तो शिष्याचा सांधा मोडूं देत नाहीं. त्याच बडोद्यांतून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत प्रसिद्ध केले. तोंडोतोंडीं चालत आलेली विद्या त्यामुळें मराठी ग्रंथांत आली.

दरम्यान पश्चिमेकडून नवीन वारें वाहूं लागलें होतें. युजेन सँडो या प्रशियन बलवानानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानचा दौरा केला, आणि डंबेल्सचा छंद आमच्या सुशिक्षित घरांत शिरला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सँडोचीं साधनें आणून कित्येक वर्षें त्याच्या पद्धतीनें नेटानें व्यायाम केला; अखेर ते सूर्यनमस्काराकडे वळले व त्याचे कट्टे पुरस्कर्ते झाले. या दोन पद्धतींत विरोध आहे असें मी म्हणत नाहीं. नमस्काराच्या आरंभीं हात वर ताणले जातात आणि छाती उघडते. डोक्यावर वजन घेण्यापूर्वीं शरीराला नेमकी हीच लवचीकता लागते.

वजन उचलण्याच्या आधुनिक स्पर्धांचा इतिहास तर दुखापतीनेंच सुरू होतो. १८९६ सालीं अथेन्सला दोन्ही हातांनीं वजन उचलण्यांत डेन्मार्कचा व्हिगो जेन्सन आणि ब्रिटनचा लॉन्स्टन इलियट यांनीं सारखेंच, म्हणजे १११.५ किलो वजन उचललें. जेन्सनची उचल अधिक शुद्ध, म्हणून त्याला पहिला क्रमांक मिळाला. परंतु आणखी भार उचलूं जातां त्याचा खांदा दुखावला होता. आणि एका हाताच्या स्पर्धेंत इलियट ७१ किलोपर्यंत गेला, तेव्हां जेन्सन ५७ किलोवरच थांबला. सकाळचा विजेता संध्याकाळीं हरण्यास एक हव्यास पुरतो!

१९२८ सालापासून ऑलिंपिकमध्यें तीन उचली ठरल्या. त्यांपैकीं पहिली 'प्रेस'. वजन खांद्यापर्यंत आणावयाचें, पंचाची खूण होईपर्यंत थांबावयाचें, आणि गुडघ्यांचा हिसका न देतां, ताठ उभें राहून, निव्वळ बाहुबळानें तें डोक्यावर न्यावयाचें, असा नियम होता. नियम साधा, परंतु चढाओढीपुढें नियमांना पाय फुटतात. उभें राहून ढकलण्याऐवजीं उचलणारे कमरेंतून मागें झुकूं लागले. छातीचें बळ वापरण्यासाठीं धड इतकें कलूं लागलें कीं, हा माणूस उभा आहे कीं पाठीवर निजला आहे, असा प्रश्न पडावा. १९७२ सालीं म्युनिकला रशियाच्या वासिली अलेक्सेयेव्हनें या प्रकारांत २३५ किलो उचलले. तें या उचलीचें शेवटचें ऑलिंपिक ठरलें. शुद्ध उचल कोणती आणि अशुद्ध कोणती हें पंचांना ठरवितां येईना, आणि कमरेच्या मणक्यांची काळजी वाटूं लागली. म्हणून ती स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आली. उचल वाईट नव्हती. ती वांकड्या मार्गानें करण्याचा मोह वाईट होता.

आपल्याच महाराष्ट्रांतील ताजें उदाहरण घ्या. ३० जुलै २०२२ रोजीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटांत उतरला. पहिल्या प्रकारांत त्यानें ११३ किलो आणि दुसऱ्यांत १३५ किलो उचलले. सुवर्णपदक हातांत आल्यासारखें होतें. १३९ किलो डोक्यावर नेतांना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तशाही स्थितींत तो तिसऱ्यांदा पुढें आला. पण भार पेलवला नाहीं. मलेशियाच्या स्पर्धकाची बेरीज २४९, संकेतची २४८. एका किलोनें सुवर्ण गेलें, रौप्य आलें. त्या तरुणाचें धैर्य वंदनीय आहे. पण देशासाठीं अखेरच्या क्षणीं पत्करलेला धोका निराळा, आणि रोजच्या सरावांत शेजारच्या मुलाला दाखविण्यासाठीं पत्करलेला धोका निराळा. पहिल्यास शौर्य म्हणतात; दुसऱ्यास अविचार.

या अविचाराचा मी स्वतः धनी आहें. सोळा-सतरा वर्षांचा असतांना मी गांवांतल्या एका तालमींत जात असें. जत्रेच्या आदल्या दिवशीं सोबत्यांसमोर शेखी मिरविण्यासाठीं आवाक्याबाहेरचा दगड मीं डोक्यावर नेला. दगड वर गेला खरा; पण शेवटच्या वितीला कंबर मागें वांकली आणि उजव्या खांद्यांत कळ उठली. वस्ताद एवढेंच म्हणाले, "पोरा, दगड तूं नाहीं उचललास; दगडानें तुला वांकविलें." पुढें आठ महिने सदऱ्याच्या बाहींत हात घालण्यास मला आईची मदत लागे. त्या माउलीनें एकदांही बोल लावला नाहीं, म्हणून ती गोष्ट अधिक लागली.

तेव्हां या इतिहासाचा बोध काय? भिंतीला पाठ, कंबर व डोकें टेकून उभें राहावें आणि हात सरळ वर न्यावे. कंबर भिंतीपासून न सुटतां ते कानांशीं येत नसतील, तर आधीं लवचीकता कमवावी, वजन नंतर. हलकी जोडी फिरवून खांदा तापल्याशिवाय लोखंडाला हात लावूं नये. वजन नेतांना पोट व नितंब घट्ट ठेवावे, मनगट कोपराच्या वर असावें, आणि दांडी मानेमागून न नेतां चेहऱ्यासमोरून वर न्यावी. जितकें ढकलावें तितकेंच ओढावेंही. मल्लखांब व दोरी यांचें महत्त्व येथें आहे. भार किलो-दीड किलोनेंच वाढवावा. स्नायूंचा थकवा एक-दोन दिवसांत ओसरतो. सांध्यांतली कळ, रात्रीं कुशीवर निजूं न देणारें दुखणें अगर हातांतलें बळ जाणें हीं चिन्हें निराळीं. तीं दिसतांच व्यायाम थांबवून, मालिश करणाऱ्याकडे न जातां, अस्थितज्ज्ञ डॉक्टरांकडे जावें.

साक्रीच्या रस्त्यावरच्या त्या मुलांना शक्ति हवी आहे, आणि ती त्यांनीं अवश्य मिळवावी. पण ज्या खांद्यावर उद्यां आईबापांचा संसार यावयाचा आहे, तो आज एका दगडाच्या पैजेवर लावूं नये. भार मस्तकावर न्यावा तो ताठ उभें राहून. वांकावें लागलें, तर तो भार अजून आपला झालेला नाहीं असें समजावें आणि निमूटपणें खालीं ठेवावा.