लम्पीचा माग : गोठ्यापासून हरणांपर्यंत

पवनी तालुक्यातील कोंढा परिसरातील जनावरे रानात चरतात आणि याच तालुक्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्यामुळे लम्पीचा प्रश्न गोठ्यापुरता राहत नाही.

लम्पी हा देवी गटातील विषाणू. 1929 मध्ये तो प्रथम आफ्रिकेत, झांबियात आढळला. भारतात 2019 मध्ये ओडिशात आला आणि 2022 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची मोठी साथ पसरली. गाय-बैलांना ताप येतो, अंगावर गाठी उठतात, दूध आटते. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो पसरवतात. माणसाला हा आजार होत नाही. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच प्यावे.

2022 च्याच साथीत राजस्थानात मोकळ्या रानातील चिंकाऱ्यांमध्येही हा विषाणू सापडला. बोलताना आपण चिंकाऱ्याला हरीणच म्हणतो, पण तो कुरंग आहे. काळवीट आणि नीलगायही त्याच गटातले. चितळ, सांबर ही खरी हरणे. जंगलात गायीचा जवळचा नातलग म्हणजे गवा, म्हणून त्याच्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

रानात माग काढणे अवघड असते. हरीण पकडले तर घाबरूनच दगावू शकते. म्हणून मेलेल्या प्राण्याच्या गाठीचा किंवा खपलीचा नमुना घेऊन पीसीआर तपासणी करतात. रक्तातील प्रतिपिंडांवरून आधी लागण होऊन गेली का, तेही कळते. पण नमुना वेळेत मिळाला तरच हे जमते, आणि मेलेले जनावर आधी दिसते ते गुराख्याला किंवा मोहफुले वेचणाऱ्यांना.

आपल्या घरी बकऱ्या जास्त. त्यांना सहसा लम्पी होत नाही. उलट, शेळ्यांच्या देवीची लसच गायींना लम्पीपासून वाचवायला वापरली गेली.

मग आपण काय करायचे? गाय-बैलांना लस टोचून घ्या. गाठी दिसल्या तर जनावर वेगळे बांधा, चरायला सोडू नका आणि 1962 वर पशुवैद्यकांना कळवा. रानात आजारी किंवा मेलेले हरीण दिसले तर हात लावू नका, 1926 वर वनविभागाला सांगा. त्याचे मांस घरी आणणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय जे मेलेले सापडले ते आपल्यासाठी हलालही नाही.

बेजुबान जनावर आपला आजार सांगू शकत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.