उचलून नेणे आणि उतार बांधणे

मी नोकरीला लागलो त्या सुमारास आमच्या शाळेत पोलिओने दोन्ही पाय अधू झालेला एक मुलगा होता. दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. वर्गातली मुले त्याला रोज सकाळी उचलून वर नेत आणि शाळा सुटली की खाली आणत. परिपाठाच्या वेळी मी त्या मुलांचे चारचौघांत कौतुक केले होते. दहावीच्या निरोप समारंभात तो मुलगा मला हळूच म्हणाला, "सर, मी शाळेत पाणी पीत नसे." स्वच्छतागृह तळमजल्यावर होते. मधल्या सुट्टीत पुन्हा कुणाला उचलायला सांगायचे, याची त्याला लाज वाटे. म्हणून वर्षभर तो तहान मारून बसला.

उर्दू शिकवताना मी 'रहम' आणि 'हक' या दोन शब्दांतला फरक मुलांना नेहमी सांगतो. रहम देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हक मागणाऱ्याचा असतो. हाच 'हक' मराठीत 'हक्क' होऊन बसला आहे. आपल्या देशातल्या अपंगांच्या कायद्याचा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधला प्रवास आहे. त्यात एका माणसाचे नाव वारंवार येते, ते म्हणजे जावेद आबिदी. आपल्या समाजातही ते फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

आबिदी मूळचे अलीगढचे, जन्म १९६५ चा. पाठीच्या कण्याचा जन्मजात विकार होता, त्यामुळे किशोरवयातच व्हीलचेअर आली. अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट स्टेट विद्यापीठात ते शिकले. व्हीलचेअरवरून वर्गात, ग्रंथालयात एकट्याने जाता येते, हे त्यांनी तिथे अनुभवले. नंतर ते पत्रकारिता करण्यासाठी भारतात परतले आणि इथल्या पायऱ्यांशी त्यांची गाठ पडली. १९९३ मध्ये त्यांनी दिल्लीत काही सहकाऱ्यांसोबत 'डिसेबिलिटी राइट्स ग्रुप' स्थापन केला.

त्या वेळी भारतात अपंगांच्या हक्कांचा सर्वसमावेशक कायदाच नव्हता. अपंगांचा विषय दानधर्माचा आणि कल्याण खात्याच्या योजनांचा समजला जाई. डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला आशिया-पॅसिफिक देशांची बैठक झाली, तिथल्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली आणि कायद्याची चर्चा सुरू झाली. पण विधेयक पुढे सरकेना. अखेर १९ डिसेंबर १९९५ रोजी अपंग नागरिक दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. कुबड्या घेऊन, व्हीलचेअरवर, पांढरी काठी टेकत. हिवाळी अधिवेशन संपायला तीन दिवस उरले होते. २२ डिसेंबरला विधेयक मंजूर झाले आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा लागू झाला.

या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. रस्ते, वाहने आणि सरकारी इमारती सर्वांना वापरता याव्यात, अशी कलमेही त्यात होती. पण त्या कलमांना एक शेपूट जोडलेले होते: हे सारे सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावे. म्हणजे पैसे नाहीत म्हटले की विषय संपला. गंमत अशी, की उतार न बांधणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नव्हती. शिक्षा होती ती खोटेपणाने अपंगांच्या सवलती लाटणाऱ्याला. सरकारला संशय कुणाचा होता, हे यातून कळते.

मग लढाई न्यायालयात गेली. 'जावेद आबिदी विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल डिसेंबर १९९८ मध्ये लागला. विमानात चढण्यासाठी शिडी असे, आणि ज्याला चालता येत नाही त्याला माणसांनी उचलून न्यायचे अशी रीत होती. माझ्या शाळेचीच ती मोठी आवृत्ती. मोठ्या विमानतळांवर व्हीलचेअरसकट प्रवाशाला वर नेणारी यांत्रिक लिफ्ट असावी, हा विषय या खटल्याने ऐरणीवर आणला. अंधांना मिळणारी भाडेसवलत ८० टक्के वा अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही इंडियन एअरलाइन्सने द्यावी, असे न्यायालयाने सांगितले.

जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परिषदेसाठी आले आणि तिथून दिल्लीला गेले. त्यांना ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या. पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनार, जंतरमंतर अशा चार ठिकाणी लाकडी उतार उभे केले. वर्षानुवर्षे 'वास्तूला धक्का लागेल' असे सांगितले जात होते, ते काम एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले. हॉकिंग यांच्यासाठी होते तर आमच्यासाठी का नाही, हा प्रश्न आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सोडला नाही.

त्याच वर्षीच्या जनगणनेचीही कथा आहे. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणीच झाली नव्हती. २००१ साठी प्रश्नावली तयार होताना पुन्हा तेच होणार होते. चळवळीने आग्रह धरला, प्रश्न घातला गेला आणि २.१९ कोटी माणसे कागदावर आली. २०११ मध्ये हा आकडा २.६८ कोटी झाला; त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले. आता १९९५ चा कायदा अपुरा ठरत होता. डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा संमत झाला. सातऐवजी २१ अपंगत्वे, नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण. 'आर्थिक कुवतीची' ती पळवाट इमारतींच्या कलमांतून गेली. नियमांनुसार सुगम नसलेल्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे हा कायदा सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षे, तर सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी संस्थांना दोन वर्षे मुदत दिली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या.

आबिदी मार्च २०१८ मध्ये वारले. लढाई थांबली नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. कायदा सुगमता सक्तीची म्हणतो, पण सरकारच्या नियमांत मात्र नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत. असा नियम कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून तीन महिन्यांत सक्तीचे निकष करण्यास न्यायालयाने सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने बँकेच्या ऑनलाइन ओळखपडताळणीसारख्या डिजिटल सेवाही जगण्याच्या हक्कात येतात, असे म्हटले. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीला पापण्या मिचकावून दाखव असे मोबाइल सांगत असेल, तर तीही एक पायरीच आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. २०१६ च्या कायद्यातील 'सार्वजनिक सेवा-सुविधा' या व्याख्येत शिक्षण, बाजार यांच्यासोबत धार्मिक सेवाही आहेत. खासगी आस्थापनांच्या व्याख्येत ट्रस्टही येतो. म्हणजे देऊळ असो, चर्च असो की मशीद, हा विषय सर्वांचा आहे. आमच्या मोहल्ल्यातील मशिदीला पाच पायऱ्या आहेत. जुम्म्याच्या दिवशी दोन बुजुर्गांना पोरे खुर्चीसकट उचलून आत नेतात. पाहणाऱ्यांना बरे वाटते, 'सवाब मिळेल' असे आपण म्हणतो. तिसरे एक चाचा होते, त्यांनी येणेच सोडले. मी विचारले तर म्हणाले, "बेटा, किती जणांच्या खांद्यावर जायचं? शेवटी एकदा जायचंच आहे." त्यावर मला काही बोलता आले नाही.

उताराचा मान्य हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे तीस इंच उंची. त्यासाठी तीस फूट उतार लागेल, शिवाय मध्ये विसाव्याला थोडी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंनी धरायला कठडा. वुजूच्या जागी दोन नळ खुर्चीवरून हात पुरेल अशा उंचीवर घ्यावे लागतील. परवा मी टेप घेऊन गेलो आणि मशिदीचे अंगण मोजून आलो. भिंतीच्या कडेने वळवून घेतला तर उतार बसतो. ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत हा कागद ठेवणार आहे. तुमच्या शाळेच्या, दुकानाच्या, मशिदीच्या किंवा देवळाच्या पायऱ्या किती, तेवढे या आठवड्यात मोजून पाहा.